ट्यूब ॲम्प की डिजिटल मॉडेलर : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

इलेक्ट्रिक गिटारसाठी ट्यूबचा (काचेच्या निर्वात नळ्यांवर, म्हणजे व्हॉल्व्हवर चालणारा) ॲम्प्लिफायर घ्यावा की डिजिटल मॉडेलर (अशा ॲम्पच्या आवाजाची गणिताने नक्कल करणारे यंत्र), हे विचारणारी बरीच पत्रे साठली आहेत. त्यांतील सात प्रश्न निवडून या वेळी उत्तरे देत आहे. पहिले पत्र बहुतेकांच्या मनातले आहे, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर लिहिले आहे.

प्रश्न : मी चार वर्षांपासून इलेक्ट्रिक गिटार वाजवतो. घरी मॉडेलर आणि हेडफोन एवढाच सरंजाम आहे. मागच्या महिन्यात तालमीच्या खोलीत मित्राच्या ५० वॉटच्या ट्यूब ॲम्पवर वाजवायला मिळाले आणि घरी आल्यावर माझे यंत्र निर्जीव वाटू लागले. बँडमधले सगळे म्हणतात की मॉडेलर विकून टाक. आमच्या इमारतीच्या भिंती पातळ आहेत. मी काय करावे?

उत्तर : तालमीच्या खोलीत तुम्हाला जो फरक जाणवला तो खरा होता, त्याबद्दल शंका नको. मात्र तो फरक ट्यूबमुळेच पडला असे धरून मॉडेलर विकायला काढू नका, कारण त्या दिवशी ट्यूबखेरीज आणखी बरेच काही बदललेले होते.

मित्राचा ॲम्प जमिनीवर असेल आणि तुम्ही त्याच्यासमोर दोन-तीन पावलांवर उभे असाल, असे मी गृहीत धरतो. गिटारच्या ॲम्पमधला १२ इंची स्पीकर तीव्र स्वर चहूकडे सारखे फेकत नाही. ते टॉर्चच्या झोतासारखे सरळ पुढे जातात आणि जमिनीवरच्या ॲम्पच्या बाबतीत तुमच्या पोटऱ्यांवर आदळतात. कानापर्यंत येतो तो कडेने आलेला मवाळ आवाज, त्यात भिंतींवरून आणि छतावरून परतलेला आवाज मिसळलेला, आणि खालून फरशीची थरथर. शिवाय आवाज मोठा असला की स्पीकरमधून आलेली कंपने गिटारच्या लाकडात आणि तारांत परत शिरतात, त्यामुळे धरून ठेवलेला सूर लवकर विरत नाही. हे सगळे स्पीकर आणि हवा करतात. ट्यूबच्या जागी ट्रान्झिस्टर असता तरी यातले बरेचसे तसेच घडले असते.

हेडफोनमध्ये तुम्ही काय ऐकता? मॉडेलरमध्ये ॲम्पच्या प्रतिकृतीनंतर कॅबिनेटची (स्पीकर बसवलेल्या खोक्याची) प्रतिकृती येते आणि ती बहुधा इम्पल्स रिस्पॉन्सच्या रूपात असते. एखाद्या खऱ्या कॅबिनेटसमोर, स्पीकरच्या कागदी शंकूपासून चार-पाच सेंटिमीटरवर माईक ठेवून घेतलेला तो ठसा असतो. म्हणजे तुमचा कान माईकच्या जागी, स्पीकरच्या तोंडाशी नेऊन ठेवलेला असतो. ध्वनिमुद्रणात गिटार अशीच टिपली जाते. खोलीत उभे राहून मात्र कोणीही ॲम्प असा ऐकत नाही. तेव्हा तुम्ही केलेली तुलना ट्यूब आणि डिजिटलची नव्हती, ती खोली आणि माईक यांची होती.

आवाजाच्या पातळीचाही यात मोठा हात आहे. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली प्रसिद्ध केलेल्या मोजमापांतून हे स्पष्ट झाले की आवाज लहान असताना कानाला खर्ज आणि अतितीव्र स्वर मधल्या स्वरांच्या मानाने फार कमी ऐकू येतात आणि आवाज वाढत जातो तशी ही तफावत घटत जाते. मोठ्या आवाजातला ॲम्प भरदार वाटतो तो काही अंशी या कारणाने.

म्हणून निर्णयाआधी एक चाचणी करा. मित्राच्याच कॅबिनेटला एखाद्या पॉवर ॲम्पमार्फत (स्पीकर हलवण्याइतकी शक्ती देणाऱ्या भागामार्फत) आपला मॉडेलर जोडा, मॉडेलरमधील कॅबिनेटची प्रतिकृती बंद करा (हे विसरले तर आवाज दोनदा गाळला जाऊन ब्लँकेटखालून आल्यासारखा येतो आणि दोष डिजिटलला दिला जातो), मित्राच्या ॲम्पच्याच जातीचे मॉडेल निवडा आणि दोन्हींचा आवाज फोनवरच्या ध्वनिमापकाने सारखा करून घ्या. एखाद्या डेसिबलने मोठा असलेला आवाजही कानाला ‘मोठा’ न वाटता ‘चांगला’ वाटतो, म्हणून मोजण्याचा कंटाळा करू नका. मग मित्राला वाजवू द्या आणि तुम्ही पाठ फिरवून ऐका.

माझा सल्ला स्पष्ट आहे : मॉडेलर ठेवा आणि पैसे स्पीकरवर खर्च करा. पातळ भिंतींच्या घरात ५० वॉटच्या ट्यूब ॲम्पचा व्हॉल्यूम तुम्ही दीडच्या पुढे नेऊ शकणार नाही, त्या पातळीला त्याच्या पॉवर ट्यूबना काही कामच नसते, आणि ज्यासाठी तो आणला ती गोष्ट घरात कधीच ऐकू येणार नाही. खोलीतल्या ॲम्पसारखा अनुभव हवा असेल तर लहान पॉवर ॲम्प आणि १२ इंची गिटार कॅबिनेट घ्या. रेकॉर्डवरच्यासारखा आवाज पुरेसा असेल तर स्टुडिओ मॉनिटरची जोडी घ्या. तोपर्यंत हेडफोनसाठी वेगळा प्रीसेट (साठवून ठेवलेली आवाजाची मांडणी) करा : ८० हर्ट्‌झच्या खालचे आणि ६,००० हर्ट्‌झच्या वरचे गाळा आणि लहान खोलीचा रिव्हर्ब (घुमारा) जेमतेम जाणवेल इतका मिसळा. पुष्कळसा कोरडेपणा तेवढ्यानेच जातो.

प्रश्न : मी लहान सभागृहांत कार्यक्रम करतो. ५० वॉटच्या दुप्पट आवाज मिळेल म्हणून १०० वॉटचे ट्यूब हेड (स्पीकर नसलेला ॲम्प) घ्यायचे मनात आहे. ट्यूबचा वॉट डिजिटलच्या वॉटपेक्षा मोठा असतो असेही ऐकले आहे. हे खरे आहे का?

उत्तर : वॉट हा वॉटच असतो, आणि शक्ती दुप्पट केल्याने आवाज दुप्पट होत नाही. ५० वरून १०० वॉटवर गेल्यास फक्त ३ डेसिबल वाढतात. कानाला दुप्पट वाटण्यासाठी साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट शक्ती लागते. १०० वॉट हे १० वॉटच्या दुप्पट ऐकू येतात. उलट एक वॉटला ९७ डेसिबल देणाऱ्या स्पीकरच्या जागी १०० डेसिबल देणारा बसवला, तर शक्ती दुप्पट केल्याइतकाच फायदा मिळतो. वॉट मोजणाऱ्या मंडळींनी स्पीकरच्या मागचा तो आकडा अवश्य वाचावा.

ट्यूबचा वॉट मोठा वाटण्यामागे मात्र कारण आहे. ट्यूब मर्यादेबाहेर गेली तरी तिचा आवाज हळूहळू दाटत जातो आणि तो गिटारला शोभतो, म्हणून वाजवणारा निर्धास्तपणे तिला मर्यादेपलीकडे ढकलतो. डिजिटल ॲम्पमधला पॉवर ॲम्प मर्यादा ओलांडताच कर्कश फाटतो, म्हणून त्याच्या हाताशी राखीव शक्ती ठेवावी लागते. फेंडर कंपनीने २०१९ साली ट्विन रिव्हर्ब या आपल्या जुन्या ॲम्पची टोन मास्टर ही डिजिटल आवृत्ती काढली, तेव्हा ट्यूबच्या ८५ वॉटची बरोबरी करण्यासाठी तिच्यात २०० वॉटचा पॉवर ॲम्प बसवला. वजन मात्र सुमारे २९ किलोवरून १५ किलोवर आले, आणि दर आठवड्याला जिने चढणाऱ्या माणसाला ही बाब किरकोळ वाटणार नाही.

तुमच्या सभागृहांसाठी १५ ते २० वॉटचा ट्यूब ॲम्प आणि त्यासमोर माईक पुरेसा आहे. लहान मंचावर १०० वॉटचा ॲम्प त्याच्या खऱ्या रंगात येईपर्यंत उघडला, तर गिटार गायकाच्या माईकमध्ये शिरते आणि मग साऊंड इंजिनिअरच्या हातात काही उरत नाही. मी १०० वॉट घेणार नाही.

प्रश्न : मॉडेलरवर वाजवताना बोट आणि सूर यांच्यात उशीर होतो, आणि ट्यूबमध्ये सम हार्मोनिक (मूळ सुराच्या दुप्पट, चौपट अशा कंपनसंख्येचे उपस्वर) असल्यामुळे ती गोड लागते, असे आमचे शिक्षक सांगतात. हाताला लागणारा फरक नेमका कशात असतो?

उत्तर : उशीर असतो, परंतु तो किती हे पाहायला हवे. स्वतंत्र मॉडेलर साधारण २ ते ५ मिलिसेकंद घेतो. ध्वनी एका मिलिसेकंदात हवेतून सुमारे ३४ सेंटिमीटर जातो, तेव्हा ट्यूब ॲम्पपासून दीड मीटरवर उभा असलेला वादकही तेवढाच उशीर सहन करत असतो आणि त्याच्या ते लक्षातही येत नाही. संगणकावर सॉफ्टवेअरमधून वाजवत असाल तर बफर (आवाज पुढे जाण्याआधी थोडा साठवला जातो ती जागा) तपासा : ४८,००० हर्ट्‌झच्या सॅम्पल रेटला (सेकंदाला ध्वनीची जितकी मोजमापे घेतली जातात त्या दराला) २५६ सॅम्पलचा बफर सुमारे ५.३ मिलिसेकंद घेतो, आणि तो जाताना-येताना दोन्हीकडे मोजावा लागतो. ब्लूटूथचे हेडफोन तर गिटारसाठी वापरूच नका. त्यांतला उशीर १०० मिलिसेकंदांच्या घरात किंवा त्याहूनही अधिक असतो आणि त्यावर ताल धरणे अशक्य होते. शिक्षकांची तक्रार अशाच एखाद्या जोडणीवरून आली असण्याचा संभव आहे.

सम हार्मोनिकांची गोष्ट अर्धी खरी आहे. प्रीॲम्पमधली (गिटारचा क्षीण सिग्नल आधी वाढवणाऱ्या भागातली) १२एएक्स७ सारखी ट्यूब लाटेच्या दोन बाजू वेगवेगळ्या दाबते, त्यातून सम हार्मोनिक येतात. परंतु मोठ्या ॲम्पमध्ये पॉवर ट्यूब जोडीने पुश-पुल पद्धतीने (लाटेचा एकेक अर्धा भाग एकेकीने उचलावा अशा) लावलेल्या असतात आणि त्या टप्प्यात तयार झालेले सम हार्मोनिक एकमेकांना खोडून टाकतात. ताणलेल्या मोठ्या ॲम्पच्या आवाजात विषम हार्मोनिक भरपूर असतात आणि तोही कानाला हवाहवासाच वाटतो.

हाताला जे लागते ते माझ्या मते दुसरेच आहे. ज्या ॲम्पमध्ये रेक्टिफायरही (एसी विजेची डीसी करणारा भागही) ट्यूबचा असतो, त्यात जाड तारेवर पिकचा जोरदार फटका मारून पाहा : पॉवर ट्यूब एकदम जास्त करंट मागतात, रेक्टिफायर तो तत्काळ पुरवू शकत नाही, व्होल्टेज क्षणभर खाली बसते आणि पुन्हा सावरते. कानाला असे वाटते की सूर आधी किंचित दबला आणि मग फुलला. यालाच सॅग म्हणतात. डायोडचे रेक्टिफायर असलेल्या ॲम्पमध्ये, त्यात ट्यूब असल्या तरी, हे फारच कमी जाणवते. चांगले मॉडेलर सॅगचे गणित करतात आणि काहींवर त्यासाठी स्वतंत्र नॉबही असतो.

मॉडेलर घेण्यापूर्वी दुकानात दोन गोष्टी करून पाहा. आवाज जेमतेम फाटू लागेल असा गेन (आत येणारा सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारा नॉब) ठेवा आणि गिटारचा व्हॉल्यूम १० वरून ६ वर आणा. सूर स्वच्छ झाला पाहिजे, पण मेला नाही पाहिजे. त्यानंतर गेन भरपूर वाढवून पहिल्या तारेवर वरच्या फ्रेटला सूर ओढा. सूर वर चढत असताना मागे एखादी बारीक शीळ खाली उतरताना ऐकू आली, तर ते एलियासिंग आहे. ४८,००० हर्ट्‌झला चालणाऱ्या यंत्रात २४,००० हर्ट्‌झच्या वरचे हार्मोनिक मावत नाहीत, ते उलटे वळून ऐकू येणाऱ्या पट्ट्यात घुसतात. ओव्हरसॅम्पलिंग (आतले गणित अधिक सॅम्पल रेटने करणे) नीट केलेल्या यंत्रात ही शीळ येत नाही. आली तर ते यंत्र घेऊ नका, त्यात प्रीसेट कितीही असोत.

प्रश्न : घरी तासन्‌तास बसून केलेले प्रीसेट कार्यक्रमात पार फसतात. गिटार एक तर बँडमध्ये हरवते, नाहीतर कानात टोचते. दोष यंत्राचा आहे का?

उत्तर : नाही. वर सांगितलेले कानाचे वर्तनच येथे आडवे येते. घरी हळू आवाजात खर्ज आणि तीव्र स्वर कमी ऐकू येतात म्हणून तुम्ही ते वाढवता. मंचावर आवाज वाढताच तेच अंगावर येतात, खर्ज बेस गिटारशी भांडतो, वरचे स्वर झांजांत मिसळतात, आणि ज्या मधल्या स्वरांवर गिटार उभी असते ते तुम्ही घरीच कापलेले असतात. तालमीच्या खोलीत, ड्रम वाजत असताना, प्रत्यक्ष लागणाऱ्या आवाजात प्रीसेट करा. गेन घरच्यापेक्षा कमी ठेवा आणि मिड वाढवा. एकट्याने ऐकताना तो प्रीसेट नाकात बोलल्यासारखा वाटेल, बदलू नका. सर्व प्रीसेट एका पातळीचे करून घ्या, नाहीतर सोलोच्या वेळी गिटार मोठी होण्याऐवजी मागे जाते.

प्रश्न : काकांचा १९७०च्या दशकातला ट्यूब ॲम्प माळ्यावर सापडला. वीस वर्षे बंद आहे. सुरू करून पाहू का? आणि पुढे त्याची देखभाल किती असते?

उत्तर : कृपा करून त्याची पिन प्लगमध्ये घालू नका. पॉवर सप्लायमधले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर इतक्या वर्षांत कोरडे पडतात आणि एकदम पूर्ण व्होल्टेज मिळाले तर ते फुटू शकतात, जाताना ट्रान्सफॉर्मरही सोबत नेतात. मागचे झाकण उघडून आत हात तर मुळीच घालू नका. गिटारच्या ट्यूब ॲम्पमध्ये ४०० व्होल्टच्या आसपास डीसी व्होल्टेज असते आणि धडधाकट कपॅसिटर प्लग काढल्यानंतरही ते धरून ठेवू शकतात. त्याने जीव जाऊ शकतो. व्हॉल्व्हचे रेडिओ किंवा ॲम्प दुरुस्त करणाऱ्या जाणत्या तंत्रज्ञाकडे तो न्या, कपॅसिटर बदलून घ्या, अर्थिंगची वायर नीट आहे ना हे तपासून घ्या आणि तो हळूहळू व्होल्टेज वाढवत सुरू करेल तेव्हा शक्य असल्यास समोर राहा.

ॲम्प जिवंत झाला की एक नियम पाळा : स्पीकर जोडल्याशिवाय तो कधीही चालू करू नका, आणि स्पीकरचे ओहम ॲम्पवर लिहिलेल्या ओहमशी जुळवा. फार वर्षांपूर्वी तालमीच्या मध्यंतरात पायात अडकून माझ्या ॲम्पची स्पीकर केबल निसटली. ॲम्प चालूच होता. परतल्यावर आवाज का येत नाही म्हणून मी व्हॉल्यूम वाढवून जोराने वाजवले. आतून चट्‌ असा आवाज आला, जळक्या वार्निशचा वास पसरला आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर गेला. त्या जातीचा ट्रान्सफॉर्मर पुन्हा मिळायला सात महिने लागले. तेव्हापासून वाजवायला बसण्यापूर्वी ती केबल हाताने दाबून पाहिल्याशिवाय मी स्विच लावत नाही.

बाकी देखभाल झेपणारी आहे. प्रीॲम्पच्या ट्यूब अनेक वर्षे टिकतात. नियमित आणि जोरात वाजवणाऱ्याला पॉवर ट्यूब साधारण एक-दोन वर्षांनी बदलाव्या लागतात. त्या जुळवलेल्या जोडीने घ्याव्या आणि बहुतेक ॲम्पमध्ये तेव्हा बायस (पॉवर ट्यूबमधून वाहणाऱ्या करंटची पातळी) पुन्हा लावून घ्यावा. एखादी ट्यूब खणखणू लागली तर ॲम्प चालू असताना पेन्सिलीच्या खोडरबराच्या टोकाने प्रत्येक काचेवर हलकी टिचकी द्या. दोषी ट्यूब स्पीकरमधून घंटेसारखी उत्तर देते. एक-दोन सुट्या ट्यूब घरात असू द्या, कारण आज जगात त्या बनवणारे कारखाने मोजकेच, मुख्यतः स्लोव्हाकिया, रशिया आणि चीनमध्ये आहेत, आणि २०२२ साली रशियातली निर्यात अडली तेव्हा जगभर ट्यूबची चणचण जाणवली. काकांचा ॲम्प मात्र विकू नका. असा ॲम्प हाताने जोडलेला असेल तर त्यातला प्रत्येक भाग बदलता येतो.

प्रश्न : आज घेतलेला मॉडेलर पाच वर्षांत कालबाह्य होईल का?

उत्तर : किंमत उतरेल, आवाज उतरणार नाही. लाइन ६ कंपनीचा पहिला मॉडेलिंग ॲम्प १९९६ साली आणि घेवड्याच्या दाण्यासारखा दिसणारा लाल पॉड १९९८ साली आला. त्यानंतर २००६ साली ॲक्स-एफएक्स, २०११ साली खऱ्या ॲम्पचा ठसा घेणारा केम्पर, २०१५ साली हेलिक्स, अशी दर काही वर्षांनी नवी पिढी येत गेली. पहिल्या पॉडमध्ये आणि आजच्या यंत्रांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. गेल्या दहा वर्षांतल्या चांगल्या यंत्रांत आपसांत तेवढा नाही. खरी काळजी वेगळी आहे : पडदा, एन्कोडर (फिरवायचे डिजिटल नॉब) आणि कंपनीचे सॉफ्टवेअर. वीस वर्षांनी त्याची चिप मिळेलच असे कोणी सांगू शकत नाही. म्हणून एक पिढी जुना, सुस्थितीतला, वापरलेला मॉडेलर घेणे मला सर्वांत शहाणपणाचे वाटते.

प्रश्न : माझी १३ वर्षांची मुलगी इलेक्ट्रिक गिटार शिकू लागली आहे. मला यातले काही कळत नाही. तिला काय घेऊन द्यावे?

उत्तर : ८ इंची किंवा १० इंची स्पीकरचा, हेडफोनची सोय असलेला लहान मॉडेलिंग ॲम्प घ्या. त्याला पडद्यापेक्षा नॉब असलेले बरे, म्हणजे ती गेन, बेस, मिड आणि ट्रेबल हाताने फिरवून ऐकायला शिकेल. हेडफोन तारेचा असावा आणि त्याचा आवाज बेताचा ठेवायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. थोडे पैसे गिटारच्या सेटअपसाठी (तारांची उंची वगैरे जुळवून घेण्यासाठी) बाजूला काढा. नव्या स्वस्त गिटारवर बाराव्या फ्रेटजवळ तारा पुष्कळदा फार उंच असतात. त्यामुळे तिची बोटे दुखतील आणि दाबलेला सूर चढा लागेल, आणि ती बिचारी चूक आपलीच समजेल.